पाटीवरचा ए

बटणांचं दुकान, तोरो गावात,
नदीकडे उतरणाऱ्या गल्लीत.
पाटीवर दोन बहिणी : इखीन्या ई बाल्तासारा.
ई म्हणजे 'आणि'.
तीस वर्षं ते कुणाला खुपलं नाही,
मग एका मार्चमध्ये थोरलीला खुपलं.
मी आधी जन्मले, माझं नाव मागं का?

प्रिमितिवो रंगारी शिडी घेऊन आला.
मी त्याचा डबा धरणारा पोरगा, बारा वर्षांचा,
बोटांना टर्पेंटाइनचा वास.
त्यानं नावांची अदलाबदल केली
आणि मधल्या अक्षरापाशी ब्रश थांबवला.
"मोठ्यानं म्हणून बघ. बाल्तासारा ई इखीन्या."

म्हटलं.
दोन ई एकमेकांत विरघळले,
जीभ ठेचकाळली, बहिणी जवळजवळ उभ्या राहिल्या
पण मधला 'आणि' कुणीतरी गिळला होता.

"म्हणून पुढं ई असला की हा ए होतो," तो म्हणाला,
"अरुंद जिन्यात समोरून कुणी आलं
की आपण भिंतीला पाठ लावतो, तसा."
"पण पुढं तर हाचे आहे," मी म्हटलं.
"हाचे मुका. लिहायचा, बोलायचा नाही.
कानाला कुठं वाचता येतं?"

खालून थोरलीनं विचारलं,
"अक्षर बदललं त्याचे पैसे वेगळे?"
"नाही, बाई. एकाच्या जागी एकच."
"माझ्यासाठी बदललं ना?"
प्रिमितिवोला खोटं बोलता येत नसे.
"नाही. जी पुढं येते तिच्यासाठी."

पहिला नंबर मिळाला, मान धाकटीकडे गेला.
दोन दिवस थोरली कुणाशी बोलली नाही.
धाकटी आत बसून पुठ्ठ्यावर भाव लिहीत होती,
आगुखा ए इलो, सुई आणि दोरा,
आणि तो ए तिथं पहिल्यापासून होता,
पिवळा पडलेल्या जुन्या पुठ्ठ्यांवरसुद्धा.
तिनं ते कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

हिवाळ्यात डॉक्टर म्हणाले, सिएते ऊ ओचो.
सात किंवा आठ. आठवडे.
'किंवा' एरवी ओ असतो,
पण आठाच्या तोंडाशीच ओ,
म्हणून त्यानं ओठ आणखी आवळले आणि ऊ झाला,
कण्हल्यासारखा.
असं सांगतानाही भाषा नीट पाऊल टाकते
याचा मला फार राग आला.

धाकटी चमच्यानं भरवायची, आग्वा ई येलो,
पाणी आणि बर्फ.
"बर्फाच्या स्पेलिंगात हाचेमागं ई आहे की," मी विचारलं,
"मग इथं 'आणि' का नाही बदलत?"
प्रिमितिवो बराच वेळ ब्रश पुसत राहिला.
"तो ई पुढच्या स्वराला चिकटून गोठलाय रे. य झालाय.
त्याच्यासाठी कुणी बाजूला होत नाही."

सात झाले. आठवा नाही.

वसंतात धाकटीनं आम्हाला बोलावलं :
तिचं नाव झाका, रोज सकाळी वाचवत नाही.
पांढऱ्याचे दोन हात दिले.
मग प्रिमितिवोनं ब्रश ए कडे नेला
तशी ती दारातून ओरडली, "तो नको."

"बाई, पाटी 'आणि'नं सुरू होईल. लोक हसतील."
"हसू देत."
"त्याच्यामागं आता कुणीच नाही."
"मागचं तो कधी बघत होता? तुम्हीच म्हणालात."

तो शिडीवर तसाच उभा राहिला.
मग खाली उतरला, आणि अर्धेच पैसे घेतले.

आता ब्रश माझ्याकडे आहे, डबा धरायला कुणी नाही.
त्या दुकानात कुणीतरी चपला विकतं;
पाटी त्यांनी काढली नाही, खर्च नको म्हणून.
उन्हं तिरपी झाली की पांढऱ्यातून थोरली उमटते,
थोरलीच्या खालून, अस्पष्ट, पुन्हा धाकटी.
ए मात्र ठसठशीत.
मी जाताना मोठ्यानं वाचतो, आणि इखीन्या,
आणि त्याच्याआधी जरा थांबतो,
एका नावाएवढा.