कोरड्यावरची गळती

रात्री नऊपासून मी एकाच सर्व्हरला
खोटे निरोप पाठवतेय.
मिरकरवाड्याच्या होड्या आपापला ठावठिकाणा ज्याला कळवतात, तो.
तो उठतो, दार उघडतो, कोण म्हणून विचारतो,
मी नाव सांगते, परवलीचा शब्द सांगते,
मग कुठे एक मोडका निरोप त्याच्या हातात.
तो मरतो किंवा मरत नाही.
दोन्ही वेळा मी त्याला पुसून टाकते,
पुन्हा उठवते. पुन्हा, कोण?
सेकंदाला नऊ.
या हिशेबाने सगळं तपासून होईपर्यंत
साखरतरची खाडी गाळाने भरलेली असेल.

सकाळी याकूब होडेकरांकडे गेले, चहाच्या निमित्ताने.
फणसाच्या फळ्यांची नवी होडी ओंडक्यांवर उभी,
आणि आत पंपाने पाणी सोडलेलं, काठोकाठ.
चाचा तिच्या पोटाखाली वाकून
बोटाने सांधे चाचपत होते.
"समुद्रात नेऊन का नाही बघत?"
"नेणार किती वेळा, आणणार किती वेळा?
गळायचं ते आतून बाहेर पण गळतं."

चहा निम्मा ठेवून आले.

नेटवर्कची वाटच काढून टाकली.
निरोप आता तारेतून जात नाही,
थेट त्याच्या मेमरीत ओततेय.
नाव पटून त्याने हात पुढे केला
तो क्षण तसाच गोठवून ठेवलाय;
मेला की तिथूनच उठतो,
पायऱ्या चढत नाही.
आणि कुणा शहाण्याने कोडात लिहिलेली
सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याची डुलकी, तीही खोडली.
सेकंदाला तीन हजार एकशे.
लॅपटॉपचा पंखा ट्रॉलरसारखा घरघरतोय.

दुपारी तीनला सापडलं.
चिठ्ठीवर चारशे बांगडे, पाटीत चारच;
आणि हा भोळा मोजत सुटतो,
आपली पाटी संपली तरी
शेजारणीच्या पाटीत हात घालून, चारशे होईपर्यंत.
सहा वर्षं.
कुणी मुद्दाम तशी चिठ्ठी लिहिली असती तर
वादळाच्या रात्री पडद्यावर
सगळ्या होड्या बंदरातच दिसल्या असत्या.

संध्याकाळी सांगायला गेले.
चाचा कापूस वळून सांध्यात ठोकत होते, वर राळ.
"एकच?"
"आतापर्यंत एकच."
त्यांनी होडीखालची वाळू दाखवली.
तीन ठिकाणी ओली, तिन्ही सांध्यांखाली.
आणि एक ओला डाग
अखंड फळीच्या बरोबर खाली.
त्याच्याकडे आम्ही दोघं
दिवेलागण होईपर्यंत बघत होतो.