सौदे चालू असताना

शाहूपुरीत गुळाच्या जुन्या अडतीखाली
अठरा पायऱ्या. मोजत उतरले,
गुडघे आता विश्वासाचे नाहीत.
तिकीट वीस, ज्येष्ठांना दहा.
सातगोंडा म्हणाला, "आज्जी, आधार कार्ड?"
म्हटलं, तोंडाकडं बघ की बाळा.

खाली पिवळा बल्ब. फलकावर :
बेचाळीसचं भूमिगत रुग्णालय, खाटा सात.
वासाबद्दल फलक काही बोलत नाही.
आयोडीनचा नव्हे, फिनाइलचा नव्हे,
काकवीचा.
ऐंशी वर्षं भिंत तोच धरून बसलीय.
खाटेच्या प्रत्येक पायाखाली पाण्याची वाटी,
मुंग्या जखमेपर्यंत चढू नयेत म्हणून.

काचेखाली अडतीची वही,
शेजारी मोडीतून उतरवलेला मजकूर :
एक रवा, डावीकडं टवका गेलेला.
दोन रवे ओल धरलेले, उन्हात ठेवू नयेत.
एक रवा कोकणात रवाना, कडब्याखालून.
एक रवा फुटला.
हिशेबातून कमी.

पोलीस यायचे, वही चाळायचे,
जाताना खडा तोंडात टाकायचे.

सातगोंडा पाठ केलेलं सांगतो :
चिरफाड फक्त सौद्याच्या वेळेला.
वर अडत्यांचा ओरडा, हमालांच्या हाळ्या,
खाली क्लोरोफॉर्म संपलेला.
वर दर चढला की
खाली कंपाउंडर गोळी उपसायचा.
"आणि अमावास्येला?" मी विचारलं.
अमावास्येला बाजार बंद.
एवढं त्याला कुणी पाठ करून दिलं नव्हतं.

छत्तीस वर्षं मी सीपीआरमध्ये काढली,
बरीचशी हाडांच्या वॉर्डात, रात्रपाळीला.
कितीजणांना म्हटलं असेल,
ओरडू नका हो, शेजारचे झोपलेत.

कोपऱ्यातल्या खाटेवर प्लॅस्टरचा पुतळा,
पायाला बँडेज.
ते बघितलं आणि राहवेना.
वरून खाली गुंडाळत आणलेलं,
पोटरीवर ढिलं, घोट्याशी करकचून.
अशानं बोटं काळी पडतील की याची!
"वस्तूंना हात लावू नये"
त्या पाटीखालीच पर्स ठेवली.
सोडलं सगळं. घट्ट गुंडाळी केली.
बोटांकडून वर, घोट्याला आठाचा फेरा,
पोटरीवर दर फेऱ्याला उलटी घडी.
सातगोंडा टोक धरून उभा,
पहिल्या दिवसाच्या शिकाऊ पोरासारखा,
श्वाससुद्धा बेतानं घेत.
गाठ बाहेरच्या अंगाला. जखमेवर कधीच नाही.
मग सवयीनं
अंगठ्याचं नख दाबून सोडलं,
रंग परत येतो का बघत राहिले.

वर आता मोबाईलचं दुकान आहे.
कुणीतरी रिंगटोन वाजवून बघत होतं,
एकामागून एक, मोठ्यानं.
मी वाकले, त्याच्या कानाशी म्हटलं,
आता ओरड.