अडीच घरं

हर्णैची शाळा, गरगरणारा पंखा, पट नंबर नऊ.
समोर इल्हाम परकार, दाभोळची, वय अकरा,
पाय जमिनीला टेकत नाहीत.
मासेमारीला बंदी, बोटी वर ओढलेल्या,
म्हणून माझ्यासारखा इंजिनवालाही
दीडशे रुपये भरून खुल्या गटात.

तिने राजापुढचं प्यादं ढकललं, घड्याळ दाबलं, लिहिलं.
दोन घरं.
माझा हात पुढे गेला आणि तिथेच राहिला.

धाकू पावसेने मला शिकवलं ते
मासळीच्या खोक्याच्या झाकणावर, कोळशाने आखून.
प्यादी म्हणजे सोड्याची बुचं,
वजीर म्हणजे एक जळका नोझल.
"प्यादं गरीब रे. त्याला पहिल्याच पावलाला उडी कसली?
उडी राजाला. तीही जन्मात एकदा,
घोड्यागत, शह बसायच्या आधी."

मी एकच घर सरकलो.
"फ्रेंच," ती स्वतःशीच पुटपुटली.
धाकू जमिनीवरून कधी दापोलीच्या पुढे गेला नाही.

दुसरं प्यादंही एकच घर.
आता मात्र ती थांबली.
पेनाचं टोपण दातांत, नजर खिडकीबाहेर
सुवर्णदुर्गावर.
तिच्या पुस्तकातली पायवाट बहुधा इथे संपत होती.
माझी तर सुरूच झाली नव्हती.

बाराव्या चालीला तिचे दोन्ही उंट
माझ्या राजाकडे तोंड करून.
शह नव्हता अजून.
म्हणजे धाकूच्या कायद्याने माझी उडी शिल्लक होती.
मी राजा उचलला
आणि अडीच घरांवर, हवेत,
आठवलं कुठे बसलोय ते.

"हात लावलात," पंच म्हणाले, "आता चालवा."
चालवला. एक घर.
किल्लेकोट गेला, आणि तासाभराने डावही.

पायरीवर ती डबा खात होती.
"काका, राजाला घेऊन निघाला कुठे होतात?"
सांगितलं.
घास तसाच गालात ठेवून म्हणाली,
"पण ही चाल लिहायची कशी?"
ठाऊक नाही. धाकूने कधी काही लिहिलं नव्हतं,
अंगठाच होता त्याचा.

तिने पिशवीतून गुंडाळीचा पट काढला.
वाऱ्याने कोपरा उडत होता, मी त्यावर चप्पल ठेवली.
तिची प्यादी निघाली, एकेक घर,
भरतीला मागे टाकत चालल्यासारखी, सावकाश.
मग मी काही बोलायच्या आत
तिने राजा उचलला, प्याद्यावरून पलीकडे टेकवला,
आणि हात सवयीने उजवीकडे गेला
घड्याळ दाबायला.

तिथे नुसती ओली पायरी.