मानस

चोडणला, बांधाच्या तोंडाशी जे लाकडी दार असतं
त्याला आमच्याकडे मानस म्हणतात.
भरतीला मिटतं, ओहोटीला उघडतं.
उधाणाच्या रात्री मात्र माणूस लागतो,
फळ्या टाकायला, चिखल थापायला.

तो माणूस सगुण.
नावातला देव सोडला तर घरात दुसरा नव्हता.
पंचांग होतं, खिळ्याला लटकलेलं, पाण्यापुरतं:
तिथीचा पाऊणपट करून भरतीची वेळ काढायचा
आणि एकादशीला सुंगटांचं हुमण जेवायचा.
जत्रेला मांडव घालायचा, फेस्ताला बाकं उचलायचा,
आत गेला नाही, ना इकडे ना तिकडे.
"मग तुला अडवतं कोण रे?" लोक विचारायचे,
जसे काही आपण सगळे
दाव्याला बांधलेली गुरं.

एका वर्षी कोणीच अडवलं नाही.
मासळीचा लिलाव घेतलेल्याने पाकीट दिलं
आणि सगुणने दोन फळ्या कमी टाकल्या.
पैसे कशाला हवे होते ते कधी सांगितलं नाही.
"कारण सांगून पाणी गोड होत नाही."
जाळं सुंगटांनी भरलं.
पोटरीला आलेलं कोंसेसांवचं कोरगुट
आठवड्यात पिवळं पडलं.
गावाने बांध पोखरणाऱ्या कुर्ल्यांना दोष दिला.

तो वाट बघत राहिला.
ताप आला नाही. साप निघाला नाही.
राखणदाराने काठी आपटली नाही.
परसातला माड तर नारळांनी वाकला.
शिक्षा कुठूनच येईना,
आणि ती येत नाही म्हटल्यावर
माफी तरी कुठून यायची.

हे त्याने मला सांगितलं
तेव्हा मी फळ्या धरायला शिकत होतो.
म्हणाला, त्या दिवसांत हेवा वाटला रे,
गाऱ्हाणं घालणाऱ्यांचा, कुंपासार करणाऱ्यांचा.

नाताळाच्या आदल्या आठवड्यात
पाकीट घेऊन तो तिच्या दारात उभा राहिला.
ती तवा घासत होती. ऐकून घेतलं.
म्हणाली, पाद्रीकडे जा.
"पाद्रीच्या शेतात नाही गेलं मीठ."
बराच वेळ नुसता तव्याचा आवाज. मग,
"तुजें मीठ तूंच धू."

धुतलं. तीन पावसाळे.
गोडं पाणी घ्यायचं, कोंडायचं, ओहोटीला सोडायचं,
चिमूटभर चिखल जिभेला लावून बघायचा,
थुंकायचा, पुन्हा.
तिने एकदाही चहा विचारला नाही.
चौथ्या वर्षी भात उभं राहिलं.
तेव्हाही नाही.

आता फळ्या मी टाकतो.
काल अवस, पंधराचा पाऊणपट, सव्वाअकराची भरती.
बॅटरी दातांत, पाणी मांड्यांना,
पलीकडे होडीत कोणाची तरी विडी पेटलेली.
वरून कोणी बघत नव्हतं.
मागे सात जणांचं भात होतं, अंधारात.
दुसरी फळी फुगली होती, बसेना.
बसेपर्यंत ठोकली.