आकसपट्टी

आप्पांची पट्टी माझ्या टेबलावर असते,
कीबोर्डच्या वरच्या अंगाला.
सागाची, पितळी टोकांची,
आणि खोटी.
तिचा मीटर खऱ्या मीटरपेक्षा दहा मिलिमीटर लांब आहे.
ओतलेलं बीड गार होताना आकसतं,
म्हणून लाकडी पॅटर्न आधीच तेवढा मोठा करायचा,
उद्यमनगरात मिसरूड फुटायच्या आत पोरांना हे ठाऊक असतं.
"खोटी न्हवं गं," आप्पा म्हणायचे,
"तिला गार झाल्यावरचं दिसतंय."

आप्पांचा कारखाना एका हाकेत मावायचा.
रंध्याच्या आवाजावरनं त्यांना कळायचं
आज कुणाचं घरी भांडण झालंय.

माझा कारखाना पाच खिडक्यांत.
ड्रॉइंग बर्नोहून रादोमीर पाठवतो,
कोअर कोइंबतूरला, सेल्वराणीकडं,
ओतकाम इथं शिरोलीत, मोहिद्दीन मुल्लाणीच्या पाळीत,
चाचणी जमशेदपूरला,
पाचव्या खिडकीत मी स्वतः,
गालावर ट्यूबलाइटचा पट्टा.
आमची सुट्टी सोमवारी, त्यांची रविवारी,
आणि बर्नोत उजाडतं
तेव्हा मुल्लाणी डबा सोडतो.

बावीस केसिंग वाया गेली मार्चमध्ये.
कोअर साच्यात बसेना, खुळखुळला,
एका बाजूची भिंत जाड, दुसरी पापडासारखी.
मुल्लाणीनं फोटो टाकला, खाली काहीच लिहिलं नाही.
त्याचं न लिहिणं मला ऐकू आलं.

मी पत्र जुळवलं, सगळ्यांना एकदम,
"कृपया कारण कळवावे."
पाठवायच्या आधी पट्टीवर हात गेला.
पत्र पुसलं.
एकेकाला फोन लावला.

रादोमीर म्हणाला, आकस मी ड्रॉइंगमध्येच धरला होता,
तुमचं काम सोपं व्हावं म्हणून.
इथं आमच्या पोरानं ह्याच सागाच्या पट्टीनं
तोच आकस पुन्हा धरला,
कारण तसंच धरतात.
दोघांनीही काळजी घेतली होती.
एकमेकांना सांगितली नव्हती, एवढंच.

सेल्वराणी शेवटी.
तिच्यामागं भट्टीचा पंखा घोंघावत होता.
"मॅडम, मला दिसलं होतं. आकडे जुळत नव्हते."
मग बोलली का नाहीस?
पंखा घोंघावला बराच वेळ.
"तुम्ही विचारलंत, समजलं का.
समजलं होतं, म्हणून ओके म्हटलं."

वर्षभर मी तिचे ओके मोजत होते,
हिरवी खूण, हिरवी खूण,
आणि संध्याकाळी वरच्या साहेबांना सांगत होते
की कोइंबतूरचं काही अडत नाही.

आता "समजलं का" मी विचारत नाही.
आता विचारते, तुला काय दिसतंय?
पहिले दोन आठवडे कुणालाच काही दिसलं नाही.
तिसऱ्या आठवड्यात जमशेदपूरच्या सोरेननं
खाकरून सांगितलं, त्याच्या गेजला वर्षभर कुणी तपासलेलं नाही.
त्या दिवशी कॉल पन्नास मिनिटं लांबला,
साहेबांनी विचारलं, एवढं काय बोलत होता?
आणि मी चार ओळींचं लिहायचं ते सहा ओळींचं लिहिते.
बर्नोपर्यंत जाताना गार होतंच की सगळं.
कधी दोन ओळी जास्तच होतात,
मुल्लाणी म्हणतो, "ताई, लय लांबवलंसा."

आप्पांना हे सांगितलं गेल्या महिन्यात.
त्यांना आता ऐकू कमी येतं,
त्यांनी फक्त विचारलं,
"त्या पोरीनं पट्टी कुठली वापरली?"

मी सेल्वराणीला विचारलं.
तिनं कुरियरनं पाठवलीच,
तिच्या मामांची, फणसाच्या लाकडाची, तमिळ आकड्यांची.
आप्पांनी दोन्ही पट्ट्या खिडकीशी नेऊन
डावी टोकं अंगठ्यानं नीट जुळवली.
उजवीकडं केसभर फरक राहिला.

कुणाची बरोबर, ते म्हणाले नाहीत.
चष्मा काढला, फडक्यानं पुसला,
आणि म्हणाले,
"फोन लाव तिला. मामा काय ओतायचा, इच्यार."