बर्फीसाठी स्थळ

हर्णैच्या बर्फ कारखान्यात, क्रशरच्या मागे,
जिथे मिठाची पोती रचतात, तिथे ती सापडली.
मागचा पाय लोंबत, एक डोळा चिकटून गेलेला,
आणि तरी माझ्यावर फिस्कारली,
जणू मीच न विचारता तिच्या घरात शिरले होते.
पावतीपुस्तकाच्या पाठीमागे तारीख लिहिली.
नाव सुचेना. बर्फातली, म्हणून बर्फी.

दापोलीच्या डॉक्टरांनी डोळा काढला, पाय वाचवला.
येताना एसटीत कंडक्टरने टोपलीकडे पाहून विचारलं, "कोंबडी?"
मी म्हटलं, "पाहुणी."
पुढचं त्याचं बोलणं आठवत नाही.
आसुदच्या उतारावर टोपलीतून आलेला
तो बारीक, मोडका आवाज तेवढा आठवतो.

घरी आधीच दोन बोके.
रमाकांत म्हणाला, "तिसरं मांजर आत आलं की मी बाहेर."
चेष्टेत म्हणाला, पण चपला शोधत म्हणाला.

मग स्थळं पाहायला लागले.
आंजर्ल्याच्या होमस्टेवाल्यांना पांढरीशुभ्र हवी होती,
फोटोत उठून दिसते म्हणे.
पाजपंढरीत एकीने विचारलं, उंदीर धरते ना?
म्हटलं, एका डोळ्याने जमतील तेवढे.
ती हसली, आणि हसतहसतच दार ओढून घेतलं.
पतसंस्थेतल्या लिमयेबाईंनी चहा दिला,
चहा दिला की मला आशा वाटायची.
शेवटच्या घोटाला म्हणाल्या, "पिल्लू असतं तर..."
होती ना पिल्लू. तेव्हा कुठे होतात?
हे मी जिन्यात म्हटलं, त्यांच्यासमोर नाही.

व्यंग आधी सांगावं की नंतर
याचा विचार करत मी पायऱ्या चढायचे.

यासीन सारंग.
तीस वर्षं ट्रॉलरच्या इंजिनाशेजारी बसून
दोन्ही कान समुद्राला देऊन आलेला माणूस.
आता जेटीवर दुसऱ्यांची इंजिनं तपासतो,
नुसता तळहात टेकवून.
त्या दिवशी आमच्या मोटरचा पट्टा बघायला आला
आणि टेबलावरच्या टोपलीशी वाकला.
मी ओरडून सांगू लागले, डोळा नाही, पाय अधू,
माणसांना भिते, रात्री रडते.
त्याने माझ्या ओठांकडे पाहिलंच नाही.
ऑइलने रेषा काळ्या झालेला हात
अलगद तिच्या बरगड्यांवर ठेवला.
कारखाना धडधडत होता,
मला त्या आवाजात काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं.
तो डोळे मिटून बराच वेळ तसाच.
मग बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात,
पार गेटपर्यंत ऐकू जाईल असं:
"इंजान बरा हाय हिचा."

टोपली नेली नाही. सदऱ्यात घालून नेली.

महिन्याने बघायला गेले.
लेक दिलेल्या घरी जातात, तसं मांदेली घेऊन.
रात्री रडते का, पाटीवर लिहून विचारलं.
त्याने वाचलं, पुन्हा वाचलं.
"रडत असंल. छातीवर निजते माझ्या,
तिथून तरी नाय रडत."
बर्फी म्हणत नाही तिला. मशीन म्हणतो.
ती समोर बसून तोंड उघडते, आवाज काढायचे कष्ट घेत नाही,
आणि तो म्हणतो, "आलो."

माझ्याकडे एकदा पाहिलं तिने, त्या एका डोळ्याने,
मग ओळख न दाखवता पाय चाटत बसली.
तोच पाय.

पिशवी ओट्यावर ठेवून निघाले.
जेटीपर्यंत आले तेव्हा लक्षात आलं,
माझा उजवा हात अजून
टोपली अडकवल्यासारखा कोपरात वाकलेला आहे.