मागचं पायदान

मोईनभाई म्हणाला होता,
ठंडी गाडी देखना सिस्टर,
गरम मिली तो वहींच से पलट जाना.
म्हणून सकाळी सातलाच गंगाखेड गाठलं
आणि नमस्काराच्या आधी
सायलेन्सरला हात लावला.
गार होता.
उत्तरेश्वर गुट्टे, जिनिंगमधले रिटायर काटेवाले,
बनियनवर उभे, हातात लिंबाची काडी.
म्हणाले, ताप बगायलाव का?

मी हसले नाही. यादी विसरायची भीती होती.

तिसऱ्या किकला उठली.
धूर पांढरा, मग विरला.
निळा असता तर इंजिन तेल पितंय, हे मोईनभाईचं.
धुरापुढं तळहात धरून नंतर वास घेतला,
हे माझं, वॉर्डातलं.
चेन दोन बोटं ढिली, चालेल.
स्प्रॉकेटचे दात मात्र एका अंगाला कललेले,
मनातल्या मनात पाचशे कमी केले.
पुढचा ब्रेक दाबून हँडल खाली रेटलं,
शॉकॉपच्या दांडीवर तेलाची ओली कड.
आणखी तीनशे.
चेसिसचा नंबर काळ्या मातीखाली.
आमची माती, वाळली की सिमेंट.
किल्लीनं खरवडून एकेक आकडा
आरसी बुकाशी बोट लावून जुळवला.
बँकेचा बोजा?
फिटला, म्हणाले,
आणि पिशवीतल्या पिशवीतल्या पिशवीतून
दाखला काढला.

मीटरचा काटा एकतीस हजारांवर मेलेला.
कधीपासून?
लई दिस झाले.
मीटर झूठ बोलता, रबर नई बोलता.
मग रबरं बघितली.
ब्रेकच्या पायाखाली नुसतं लोखंड उरलेलं,
डाव्या मुठीवर चार बोटांचे चार खड्डे,
टाकीवर पट्ट्याच्या बकलानं खाल्लेला रंग
रुपयाएवढा.
चौदा वर्षं एक माणूस इथं बसला होता,
हे कागदापेक्षा स्वच्छ लिहिलेलं.

मग मागं वाकले.
मागची दोन्ही पायदानं दुमडलेली,
रबराला साच्यातून निघतानाची
केसासारखी शेपटी,
ती अजून तुटलेली नव्हती.
सीट पुढं दबलेली,
मागं फुगीर, शोरूमातली.

वॉर्डात कुठल्या खाटेशेजारचं स्टूल
कुणी वापरलंच नाही,
हे आम्हाला झाडलोट करणाऱ्या मावशीआधी कळतं.

यादीत हे नव्हतं.
याचे पैसे कमी करायचे की वाढवायचे,
मोईनभाई बोलला नव्हता.
मी विचारलं, चावी एकच का?
दुसरी हाय की, म्हणाले, कोरी.
कुणी मागितलीच न्हाई.

सव्वीस. एकवीस.
तेवीसवर आले,
फॉर्म एकोणतीस, फॉर्म तीस,
काट्याच्या पावतीवर करावी तशी
एका दमात सही.
पैसे मोजले नाहीत,
गठ्ठा नुसता तळहातावर तोलून बघितला.

मी निघताना म्हणाले,
बाजारापर्यंत येऊ का तुमच्यासंगं?
वापस येईन चालत.

पायदान उघडेना.
गंज नव्हता, सवय नव्हती.
त्यांनी दगड घेतला, मग ठेवला,
आणि आपल्याच गाडीला न दुखवता
अंगठ्यानं रेटत राहिले.
खट्.
हात कुठं धरायचे, विचारलं.
मागं, कॅरिअरला.
हाव.

दोन वेळा गाडी डगमगली, ती त्यांच्यामुळं.
वळणावर माझ्याबरोबर कलायचं असतं
हे त्यांना माहीत असायचं कारण नव्हतं.
आरसे फिरवायचे राहिले होते,
डाव्या आरशात मी नव्हते, ते होते,
एकदा या बाजूला बघत, एकदा त्या.
हे मेडिकल कधी झालं?
आन हितं चिंच होती का पहिल्यापासून?
मी गावची नव्हते. काय सांगणार.

परळी नाक्यावर उतरले,
पायदान दुमडायला वाकले.
राहू द्या, मी म्हणाले.

पुढच्या चढावर इंजिन नुसतं ओरडलं,
गाडी सरकेना.
क्लचप्लेट.
यादीत होती.
बघायची राहिली.